आत शिरण्याआधी

"अहो, आम्हाला एकुलती एक लेक. बाकीची दोन तुम्ही कुठून आणलीत?"

फोनवरचे गृहस्थ चिडले नव्हते, उलट त्यांना मजाच वाटत होती. खजील झालो तो मी. एका घराण्याचा कुलवृत्तांत छापील पुस्तकातून संकेतस्थळावर आणण्याचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. वंशावळ एक्सएमएल फाइलमध्ये भरली, पीएचपीत ती वाचणारा कोड लिहिला, बऱ्याचशा नोंदी पुस्तकाशी ताडून पाहिल्या आणि मगच संकेतस्थळ खुलं केलं. तरीही या घरापुढे 'अपत्ये : ३' असं उमटलं होतं.

कारण शोधण्यात अख्खी दुपार गेली. फाइल बरोबर होती. 'अपत्ये' या कप्प्यात एकच 'व्यक्ती' होती आणि तिच्या पोटात नाव, जन्मसाल आणि गाव अशा तीन नोंदी. चूक माझ्या आळसाची होती. सिंपलएक्सएमएलनं फाइल उघडायची, तिचं लगेच जेसन करायचं आणि त्या जेसनची साधी ॲरे करून घ्यायची, ही दोन ओळींची युक्ती बरेच जण वापरतात. मीही वापरली होती. या युक्तीला एक खोड आहे. एकाच नावाच्या दोन किंवा अधिक नोंदी असल्या तर त्यांची यादी बनते. एकच असली तर यादी बनतच नाही, ती नोंद थेट यादीच्या जागी येऊन बसते. माझा कोड त्या जागी यादीच असणार असं धरून आतले जिन्नस मोजत होता. तिथे होती एक मुलगी, आणि तिचं नाव, साल, गाव ही तिन्ही अपत्यं म्हणून मोजली गेली. मी ताडून पाहिलेल्या नोंदी सगळ्या भरल्या घरांच्या होत्या, म्हणून चूक नजरेला पडली नव्हती.

ही पुस्तिका त्या फोनमुळे लिहिली गेली. पीएचपी या वेबच्या भाषेत, एकात एक दडलेली माहिती असणाऱ्या फाइली नीट कशा वाचाव्यात, हा तिचा विषय. आणि तिचं सांगणं एकच आहे : अशा फाइलमध्ये नुसत्या नावावरून नोंदीचा अर्थ लावू नये, ती बसली आहे कुठे ते आधी पाहावं.

अशा माहितीला इंग्रजीत घरट्यावरून आलेला शब्द आहे आणि आपणही बोलताना सर्रास 'नेस्टेड' म्हणतो. मीही पुढे तोच वापरला आहे. पण मराठीला ही कल्पना परकी नाही. आपल्याकडे या कामी 'पोट' येतं : पोटकलम, पोटनियम, पोटजात, पोटभाडेकरू. जमिनीच्या व्यवहारात तर पोटहिस्सा नेहमीचाच. सर्व्हे नंबर ४५, त्यातला हिस्सा २, त्यातला पोटहिस्सा १. कागदावर लिहितात ४५/२/१. नुसता 'हिस्सा १' विचारत गेलात तर गावभर फिराल. पूर्ण वाट सांगितली तरच नेमका बांध सापडतो. एक्सएमएलमधली हवी ती नोंद गाठण्यासाठी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं नोव्हेंबर १९९९मध्ये एक्सपाथ नावाची लेखनपद्धत प्रमाण म्हणून जाहीर केली. तिच्यातही बाहेरून आत जाणाऱ्या पायऱ्या अशाच तिरक्या रेघेनं तोडलेल्या असतात. सातबाऱ्यासाठी ज्यानं चार खेपा घातल्या आहेत, त्याला एक्सपाथ जड जाऊ नये.

'पार्सिंग' हा शब्दही मुळात व्याकरणातलाच. शाळेत 'व्याकरण चालवा' असा प्रश्न असे. वाक्यातला एकेक शब्द घ्यायचा, त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगायची आणि वाक्यातल्या इतर शब्दांशी त्याचं नातं दाखवायचं. फाइलचं पार्सिंग म्हणजे हेच व्याकरण चालवणं. त्याचा दुसरा अर्धा भाग आपण गणिताच्या तासाला शिकलो. 'कंचेभागुबेव' घोकताना कंस पहिला, आणि कंसात कंस असेल तर आधी आतला सोडवायचा. जेसन नावाची फाइल अशाच कंसांवर उभी असते. महिरपी कंसात नाव आणि मूल्य यांच्या जोड्या, चौकटी कंसात क्रमानं लावलेली यादी, आणि कोणत्याही मूल्याच्या जागी पुन्हा नवा कंस उघडण्याची मुभा. सगळा डोलारा एवढ्यावरच.

आत शिरत जाणं सोपं असतं. बाहेर पडताना आपण कुठे होतो हे आठवणं अवघड, आणि पार्सरचं खरं कसब तिथेच लागतं. हे समजायला महाभारताइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. नैमिषारण्यात सौती शौनकादी ऋषींना कथा सांगतो. ती कथा वैशंपायनांनी जनमेजयाला सांगितलेली. वैशंपायनांच्या कथेत संजय धृतराष्ट्राला युद्धाची हकीकत सांगतो आणि संजयाच्या हकिकतीत कृष्ण अर्जुनाशी बोलतो. गीता ऐकताना आपण चौथ्या पातळीवर बसलेले असतो. तिथला 'मी' कधी कृष्णाचा असतो, कधी अर्जुनाचा; आणि शेवटी संजय स्वतःविषयी बोलू लागला की एक पायरी वर येऊन तो संजयाचा होतो. शब्द तोच, जागा बदलली की माणूस बदलला. तरी कीर्तनातल्या श्रोत्याचा गोंधळ होत नाही, कारण कोण कोणाला सांगतंय याचा हिशेब तो मनात ठेवत असतो.

पार्सर हा हिशेब चिठ्ठ्यांनी ठेवतो म्हणा ना. कंस उघडला की आपण कुठे होतो ते चिठ्ठीवर लिहून चवडीवर ठेवायचं. कंस मिटला की सर्वांत वरची चिठ्ठी उचलायची आणि तिथून पुढे वाचायला लागायचं. या चवडीला 'स्टॅक' म्हणतात. फाइल संपताना चवड रिकामी असली तर कंसांचा मेळ बसला. एखादी चिठ्ठी उरली तर कुठेतरी कंस मिटायचा राहिला.

पीएचपीत ही चवड बहुतेक वेळा आपल्याला हातानं रचावी लागत नाही, स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन ती आपोआप रचतं. वंशावळ सहा पिढ्यांची आहे की सोळा, हे कोड लिहिताना ठाऊक नसतं. एकात एक तीन फोरईच लिहिले तर नातवापर्यंत पोचाल, पणतू गळतील. त्याऐवजी एकच फंक्शन लिहायचं : या व्यक्तीची नोंद छाप, मग तिच्या प्रत्येक अपत्यासाठी पुन्हा स्वतःलाच बोलाव. जिथे अपत्य नाही तिथे ते थांबतं आणि आल्या वाटेनं मागे फिरतं. यालाच रिकर्शन म्हणतात. जेसन_डीकोड हे फंक्शन मुळात ५१२ पातळ्यांपर्यंत आत जाऊ देतं. व्यक्तीचा एक कंस आणि अपत्यांच्या यादीचा एक, असे पिढीमागे दोन धरले तरी अडीचशे पिढ्या झाल्या, म्हणजे सहा हजार वर्षं. आपल्याकडच्या कोणत्याही कुलवृत्तांताला ती मर्यादा पुरून उरेल.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आजचे बरेच खाचखळगे त्यातून आलेले आहेत. रासमुस लेरडॉर्फ यानं स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी केलेली साधनं जून १९९५मध्ये सर्वांसाठी खुली केली, ती पीएचपीची सुरुवात. इस्राएलमधल्या अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की यांनी तिचा गाभा नव्यानं लिहिला आणि १९९८मध्ये तिसरी आवृत्ती आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत एक्सएमएल प्रमाण झालं. सुरुवातीच्या काळात पीएचपीतून एक्सएमएल वाचायचं ते जेम्स क्लार्क यांच्या एक्सपॅट या पार्सरच्या मदतीनं. खूण उघडली, मजकूर आला, खूण मिटली, एवढंच तो कळवायचा; चिठ्ठ्यांची चवड आपली आपण सांभाळायची. जुलै २००४मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर सिंपलएक्सएमएल. आता बाण काढत एकेक पायरी आत जाता येऊ लागलं. दरम्यान डग्लस क्रॉकफर्ड यांनी जावास्क्रिप्टच्याच लेखनातून काढलेलं जेसन लोकप्रिय होत गेलं आणि २००६च्या नोव्हेंबरात ५.२ या आवृत्तीपासून ते पीएचपीत अंगचंच झालं. एक्सएमएलमध्ये 'यादी' असा वेगळा प्रकार नाही, जेसनमध्ये आहे. माझ्या गृहस्थांना दोन जादा मुलं झाली ती या फरकातून.

जेसन आलं म्हणून एक्सएमएल गेलं नाही. मराठी विकिपीडिया २००३पासून चालू आहे. तो ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो ती पीएचपीतच लिहिलेली आहे, आणि त्यातल्या सगळ्या लेखांचा साठा कोणालाही उतरवून घेता येतो, तो एक्सएमएलमध्ये. अशी फाइल सिंपलएक्सएमएलनं उघडू नये. ते सबंध झाड आधी मेमरीत उभं करतं. एका पत्रासाठी कपाटच उचलून आणण्यातला तो प्रकार. अशा वेळी एक्सएमएलरीडर कामाला येतो. तो फाइल सुरुवातीपासून पुढे सरकत वाचतो आणि एका वेळी एकच नोंद हातात देतो. मात्र इथे जागेचं भान आपल्याला ठेवावं लागतं. विकिपीडियाच्या या फाइलमध्ये 'आयडी' नावाची खूण तीन ठिकाणी येते : लेखाची, त्या लेखाच्या आवृत्तीची आणि ती आवृत्ती लिहिणाऱ्या सदस्याची. नुसतं नाव बघून उचललीत तर लेखाच्या क्रमांकावर सदस्याचा क्रमांक चढतो आणि चूक झाल्याची कुठे वाच्यताही होत नाही. गावात पाटील तीन असतील तर कोणत्या आळीतले, हे विचारूनच पत्र टाकावं. एक्सएमएलरीडर दर पावलाला खोली सांगतो, ती विचारून घ्यावी.

काही फाइलींत तर सर्वांत आतल्या नोंदीला नावच नसतं. नकाशांसाठी वापरलं जाणारं जिओजेसन २०१६मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालं. एखाद्या जिल्ह्याची हद्द त्यात याद्यांच्या याद्यांनी लिहितात. बेटं असलेल्या जिल्ह्यासाठी कंसांची आणखी एक पातळी वाढते. सर्वांत आत दोन आकडे असतात, बस्स. पहिला रेखांश, दुसरा अक्षांश. अर्थ ठरतो तो केवळ क्रमानं. आपल्या तोंडात 'अक्षांश-रेखांश' बसलेलं असल्यानं हात उलटा पडतो. पुणे तिथे ७३.८६, १८.५२ असं लिहायचं. उलटं लिहिलंत तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पडेल.

पुण्याचाच विषय निघाला आहे तर तिथल्या एसटीडी कोडचंही सांगतो. ०२० हा आकडा जेसनमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिला तर सगळी फाइलच नापास होते, कारण जेसनमधल्या संख्येला पुढे शून्य लावायची परवानगी नाही. ते शून्य काढून २० लिहिलं तर फाइल पास होते आणि कोड चुकतो. ज्या अंकांची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही ते अंक मजकूर म्हणून लिहावेत, हा नियम इथून धडा घेऊन पाळावा. फाइल नापास झाली तरी जेसन_डीकोड ओरडत नाही, गुपचूप 'नल' परत करतं. आणि फाइलमध्ये खरोखरच 'नल' लिहिलेलं असेल तरी तेच परत करतं. पीएचपी ७.३पासून चुकीच्या वेळी एक्सेप्शन फेकण्याची सोय आहे. ती प्रत्येक वेळी वापरावी, असा माझा आग्रह पुस्तिकेत जागोजाग दिसेल.

मराठी मजकुरासाठी एक वेगळं प्रकरण दिलं आहे. 'मराठी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये त्याचे पाच घटक होतात, कारण काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजतात. यूटीएफ-८मध्ये साठवला की पंधरा बाइट. आणि पीएचपीनं जेसन लिहिताना काहीच न सांगितल्यास प्रत्येक घटकाच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडे-अक्षरं येतात, म्हणजे एकूण तीस चिन्हं. ती भेंडोळी बघून 'फॉन्ट उडाला' म्हणत पुष्कळ जण फाइल पुन्हा पुन्हा बदलून घेतात आणि मग खरोखरच बिघडवतात. माहिती शाबूत असते. वाचताना पुन्हा 'मराठी' असंच मिळतं. डोळ्यांना देवनागरी दिसायला हवी असेल तर ५.४पासून त्यासाठी पर्याय आहे. उलट दिशेचा त्रास म्हणजे काही एडिटर फाइलच्या सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट घालतात. जेसन_डीकोड ते बघून फाइल नाकारतं आणि आपण चुकलेला स्वल्पविराम शोधत बसतो. जाता जाता एक आनंदाची गोष्ट : एक्सएमएलच्या खुणांची नावं देवनागरीत ठेवता येतात आणि पीएचपीतल्या व्हेरिएबलचीही. माझ्या वंशावळीत 'अपत्ये' खरंच 'अपत्ये' असं लिहिलेलं आहे.

आता सावधगिरीबद्दल. बाहेरून आलेली फाइल म्हणजे अनोळखी पाहुणा. आत घेण्याआधी विचारपूस हवी. एक्सएमएलमध्ये वारंवार येणाऱ्या मजकुरासाठी संक्षेप ठरवून ठेवता येतो आणि एका संक्षेपात दुसरा वापरता येतो. कोणी खोडसाळानं एका हास्याच्या शब्दाची दहा पट करणारा संक्षेप लिहिला, त्याची दहा पट करणारा दुसरा, असं नऊ वेळा केलं, तर जेमतेम एक केबीची फाइल उघडताना शंभर कोटी शब्द होतात आणि सर्व्हर झोपतो. 'बिलियन लाफ्स' नावानं हा हल्ला कुप्रसिद्ध आहे. संक्षेपातून सर्व्हरवरच्या खाजगी फाइलीकडे बोट दाखवणं हा त्याहून वाईट प्रकार. पीएचपी ज्या लिबएक्सएमएलवर विसंबते, तिनं २.९ या आवृत्तीपासून बाहेरचे संक्षेप आपणहून उघडणं बंद केलं आहे. पण 'नोएंट' नावाचा एक पर्याय दिला की ते दार पुन्हा उघडतं. नाव वाचून वाटतं की हा पर्याय संक्षेपांना मज्जाव करत असेल. प्रत्यक्षात तो त्यांचा विस्तार करायला सांगतो. चांगल्या हेतूनं तो लिहून दार सताड उघडं ठेवलेला कोड मी पाहिला आहे.

पुस्तिकेची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात कोड नाही. छापील फाइल, पेन्सिल आणि कंसांच्या जोड्या लावण्याचा सराव आहे. तो ओलांडून पुढे जाण्याचा मोह होईल, आवरावा. दुसरा भाग जेसनचा, तिसरा एक्सएमएलचा, चौथा मोठ्या फाइलींचा आणि सुरक्षिततेचा. फंक्शनांची नावं विवेचनात देवनागरीत दिली आहेत, कोडच्या उताऱ्यांत ती अर्थातच रोमनमध्ये आहेत. ॲरे, स्टॅक, लूप या शब्दांना ओढूनताणून प्रतिशब्द दिलेले नाहीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा दोन माणसांच्या कचेरीत जे बोलतात तेच लिहिलं आहे. वाचकाला पीएचपीतला इफ आणि फोरईच येतो, एवढंच गृहीत धरलं आहे.

त्या गृहस्थांची नोंद मी त्याच संध्याकाळी दुरुस्त केली. जेसनची युक्ती काढून टाकली आणि सिंपलएक्सएमएलकडूनच अपत्यं मोजून घेतली. त्याला एक मूल काय नि दहा काय, सारखंच. दुरुस्ती एका ओळीची होती. तेव्हापासून कोणतीही नवी फाइल हाती आली की मी तिच्यात आधी तीन घरं शोधतो : एकही मूल नसलेलं, एकच मूल असलेलं आणि पुष्कळ मुलं असलेलं. तुम्हीही पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी तुमच्या कामातली एखादी फाइल घ्या आणि ही तीन घरं शोधून त्यांच्यावर पेन्सिलीनं खूण करा. पुस्तिकेतला प्रत्येक कोड त्या तिन्ही घरांवर चालवून पाहा. चौथ्या प्रकारचं घर सापडलं तर मला जरूर कळवा, पुढच्या आवृत्तीत त्याला जागा देईन.